स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना पुण्यात बसून गणित शिकवताना : मार्गदर्शन हवे आहे

हातचा_एक (कोथरूड, पुणे)

नमस्कार. गेली चार वर्षे मी घरून अमेरिकेतील शाळकरी मुलांची गणिताची शिकवणी ऑनलाइन घेते. टेक्सासमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, म्हणजे पाच वाजलेले असतात, त्यामुळे दूधवाला येण्यापूर्वी माझा पहिला तास संपलेला असतो. आजवर माझे बहुतेक विद्यार्थी भारतीय घरांतील होते. या सत्रात मात्र पाचवी-सहावीची तीन मुले अशी आली आहेत की ज्यांच्या घरी फक्त स्पॅनिश बोलली जाते. त्यांपैकी दोघे भाऊ मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबातील आहेत आणि एक मुलगी कोलंबियाची आहे.

अडचण नेमकी काय आहे, ते प्रसंगांवरूनच सांगते. बारा फूट दोरीतून पाच फूट कापली तर किती उरली, असे गणित इंग्रजीत दिले होते. धाकट्या भावाने दोरीचे चित्र अगदी नीट काढले आणि डाव्या तुकड्याभोवती गोल करून तो थांबला. इंग्रजीत ‘उरणे’ आणि ‘डावा’ या दोन्हींसाठी ‘लेफ्ट’ हा एकच शब्द आहे, हे माझ्या ध्यानात यायला दोन मिनिटे लागली. थोरल्याने ८४५ भागिले ५ हे उदाहरण सोडवताना खाली फक्त ३४, ४५ आणि ० एवढेच लिहिले होते. उत्तर १६९ बरोबर होते, तरी रीत दाखवली नाही म्हणून मी अर्धेच गुण दिले. मुलीने एका उत्तरात साडेतीनऐवजी ३,५ लिहिले. मी ते पस्तीस समजून चूक दिली आणि ती बिचारी काही बोलली नाही.

पालकांशी बोलणे हा तर वेगळाच विषय आहे. भावांच्या आईशी बोलताना त्यांची तेरा वर्षांची बहीण दुभाषी म्हणून बसते. आई मिनिटभर तळमळीने काहीतरी सांगतात आणि बहीण म्हणते, “ठीक आहे म्हणते.” त्यांनी खरोखर काय सांगितले, हे मला आजवर कळलेले नाही.

मला स्पॅनिश येत नाही. मुलांना वर्गात आपापसांत स्पॅनिश बोलू द्यावे का, पालकांनी घरी गणित कोणत्या भाषेत घ्यावे असे सांगावे, आणि चूक गणिताची की भाषेची हे ओळखायचे कसे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगितल्यास आभारी राहीन.

ला_मेसा

ताई, मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही भाषा शिकायला सुरुवात केली, त्याला आता वीस वर्षे होतील. तुमच्या तीन प्रसंगांपैकी दोन चुका मुलांच्या नव्हत्याच, हे आधी सांगते.

कोलंबिया, अर्जेंटिना, चिली आणि खुद्द स्पेन येथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरण्याची रीत आहे, आणि हजार दाखवायला तेथे अनेकदा टिंब देतात. म्हणजे त्या मुलीच्या घरी ३,५ म्हणजे साडेतीन आणि १.५०० म्हणजे दीड हजार. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत मात्र बहुतेक आपल्यासारखेच टिंब चालते, म्हणून त्या भावांना हा घोटाळा होणार नाही. सगळ्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना एकच नियम लावू नका, कारण वीसेक देशांच्या शाळा एकाच पद्धतीने चालत नाहीत.

भागाकाराचेही तसेच आहे. मेक्सिकोत भाज्यावर छप्पर काढतात, त्याला मुले लाडाने ‘कासिता’, म्हणजे छोटे घर, म्हणतात. गुणाकार आणि वजाबाकी ते मनातल्या मनात करतात आणि खाली फक्त बाकी उतरवतात. आठातून पाच गेले, उरले तीन, चार खाली घेतले, झाले ३४. त्यातून तीस गेले, उरले चार, पाच खाली घेतले, झाले ४५. तुमच्या विद्यार्थ्याने रीत पूर्ण दाखवली होती. ती त्याच्या शाळेची रीत होती, एवढेच. कोलंबियाची मुलगी तर भाजक उजवीकडे लिहील आणि भागाकार त्याच्या खाली मांडेल. आपल्या पिढीने भाजक डावीकडे, भाज्य दोन कंसांच्या मध्ये आणि भागाकार उजवीकडे लिहिला, तो पाहून टेक्सासचा शिक्षकही गोंधळला असता.

आता शब्दांकडे येते, कारण खरी गंमत तेथे आहे. आपल्याला वाटते की ‘न्यूमरेटर’ (अंश), ‘पॅरलल’ (समांतर), ‘कोशंट’ (भागाकार) हे भारदस्त शब्द या मुलांना जड जातील. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्रजीतील हे शब्द लॅटिनमधून आले आणि स्पॅनिश ही लॅटिनचीच लेक, त्यामुळे नुमेरादोर, पारालेलो, कोसिएन्ते, पेरिमेत्रो (परिमिती), एकुआसिओन (समीकरण) हे शब्द मुलांनी शाळेत ऐकलेले असतात. लिहून दाखवले की ते ओळखतात; कानांनी मात्र ओळखत नाहीत, कारण उच्चार वेगळे पडतात. म्हणून महत्त्वाचा शब्द बोलताना पडद्यावर लिहायचाच, ही सवय लावून घ्या.

अडते ते बारक्या, रोजच्या शब्दांवर. ‘लेफ्ट’ तुम्हाला भेटलाच आहे. ‘काटकोन’ म्हणजे त्यांचा ‘आंगुलो रेक्तो’, पण ‘रेक्तो’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘सरळ’ असा होतो, म्हणून इंग्रजीतला ‘स्ट्रेट अँगल’ ऐकून मूल १८० अंशांऐवजी ९० अंशांचा कोन काढते. त्यांच्याकडे सरळकोनाला ‘आंगुलो यानो’ म्हणतात. गुणिलेसाठी ‘पोर’ हा शब्द आहे, भागिलेसाठी मेक्सिकोत ‘एन्त्रे’ म्हणतात. इंग्रजीत मात्र गुणायचे तरी ‘बाय’ आणि भागायचे तरी ‘बाय’. अपूर्णांकांत त्यांना ‘तिसरा’ म्हणजे तेर्सेरो आणि ‘एक तृतीयांश’ म्हणजे तेर्सिओ हा भेद आपल्यासारखाच ठाऊक असतो. इंग्रजी दोन्हीला ‘थर्ड’ म्हणून मोकळी होते. पुढच्या इयत्तांत मोठ्या संख्या येतील तेव्हा लक्षात ठेवा, स्पॅनिशमधील ‘बियोन’ म्हणजे एकावर बारा शून्ये. अमेरिकेचा ‘बिलियन’, म्हणजे आपले शंभर कोटी, याला ते ‘मिल मियोनेस’, हजार दशलक्ष, म्हणतात.

आणखी एक. “क्ष पेक्षा ५ ने कमी” असे मराठीत म्हटले की क्ष आधी येतो आणि क्ष – ५ लिहिणे सोपे जाते. इंग्रजीत ‘पाच’ आधी येतो आणि स्पॅनिशमध्येही तोच क्रम आहे, म्हणून मुले ५ – क्ष लिहितात. येथे भाषांतराची काहीच मदत होत नाही. क्षच्या जागी २० घेऊन पाहायला सांगा.

सरळव्याज

वरील माहिती रंजक आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. मी सदाशिव पेठेत दहावीचे वर्ग चालवतो. परीक्षा ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत शिकवावे, अन्यथा मूल दोन्हीकडून लटकते. आपल्याकडे सेमी-इंग्रजी वर्गांत मराठी घरांतील हजारो मुले गणित इंग्रजीतून शिकतातच की. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफील्ड हायस्कूलमध्ये मेक्सिकन वंशाच्या मुलांना गणित शिकवणाऱ्या हायमे एस्कलांते यांनी काय केले ते आठवावे. १९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी कॅल्क्युलसच्या वरच्या पातळीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षा मंडळाने १४ जणांवर संशय घेतला, त्यांतील १२ जणांनी फेरपरीक्षा दिली आणि सर्व पुन्हा उत्तीर्ण झाले. मुलांकडून अपेक्षा मोठी ठेवली की मुले ती पुरी करतात. भाषेच्या कुबड्या जितक्या लवकर सुटतील, तितके बरे.

सोमवारपेठी

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो. सरळव्याज सर, एक प्रश्न विचारतो. सात आठे किती, हे मनात काढताना आपण आजही ‘सात आठे छप्पन्न’ असेच म्हणता की इंग्रजीत? पाढे ज्या भाषेत मुरले, त्या भाषेत माणूस आयुष्यभर हिशेब करतो. ती भाषा वर्गाबाहेर ठेवायला सांगणे म्हणजे मुलाला पाटी घरी ठेवून ये म्हणण्यासारखे आहे.

माझ्या वर्गात बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले असत. कोणी बिहारचे, कोणी तेलंगणाचे, कोणी कलबुर्गीकडचे. एका तेलुगू मुलाला मी ‘एकवीस’ लिहायला सांगितले तर त्याने १२ लिहिले. त्याच्या भाषेत आधी वीस येतात आणि मग एक, ‘इरवै ओकटि’. मराठीत ‘एक’ आधी कानावर पडला, म्हणून त्याने एक आधी लिहिला. मी त्याला मंदबुद्धी ठरवायच्या बेतात होतो, हे कबूल करतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण किती शांतपणे समजावून सांगितले, हे पुण्यातील शिक्षकांना आठवत असेल. माझे मत तेव्हाही हेच होते की घरचे शब्द राहू द्यावेत आणि ही दुसरी वाट मुलासमोर उघडी ठेवावी. (ला_मेसा ताई, स्पॅनिशमध्ये दशक आधी येतो ना?)

तोच मुलगा ‘पाव’ म्हणताच चटकन समजला, कारण तेलुगूतही पावु म्हणजे पाव आणि मुप्पावु म्हणजे पाऊण. कानडी मुलीला ‘पाव’ कळेना. तिच्या घरी त्याला ‘कालु’ म्हणतात. हिंदी मुलांना क्षेत्रफळ, व्यास, त्रिज्या, अंश फुकट मिळत, आणि ‘छेद’, ‘दशांश’, ‘काटकोन’, ‘हातचा’ यांवर ती अडत, कारण त्यांच्याकडे हर, दशमलव, समकोण आणि हासिल. मग मी भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि प्रत्येक नव्या शब्दापुढे मुलांनीच आपापल्या भाषेतला शब्द लिहायचा, असे ठरवले. मला कानडी येत नव्हते, आणि यावे लागलेही नाही.

सेमी-इंग्रजीबद्दल बोलायचे तर, त्रिकोणाच्या कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते हे इंग्रजी वाक्य खडाखडा म्हणणारी आणि कोनमापक उलटे धरणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

टेक्सासहून_परत

मी ह्यूस्टनजवळच्या एका शाळेत नऊ वर्षे गणित शिकवले आणि आता बाणेरला स्थायिक आहे, म्हणून तिकडच्या व्यवस्थेबद्दल चार गोष्टी सांगतो.

सरळव्याज सर, एस्कलांते यांचे उदाहरण मोठे आहेच, पण ते येथे लागू होत नाही. त्यांचे बरेच विद्यार्थी त्याच वस्तीत वाढलेले आणि इंग्रजी शाळांतूनच आलेले होते, आणि शिक्षक स्वतः बोलिव्हियाचे, मुलांच्या आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये सहज बोलणारे. हातचा_एक ताईंकडची मुले अलीकडे आलेली दिसतात. परीक्षेचा मुद्दाही तपासून पाहावा. टेक्सासमध्ये एका इयत्तेत एकच मातृभाषा असलेली आणि इंग्रजी शिकत असलेली २० किंवा अधिक मुले असतील, तर त्या शाळा-जिल्ह्याला द्विभाषिक वर्ग चालवावे लागतात, आणि राज्याची वार्षिक परीक्षा तिसरी ते पाचवीपर्यंत स्पॅनिशमध्येही देता येते. सहावीपासून ती सोय नाही. म्हणजे धाकटा पाचवीत असेल तर त्याचा हा पुलावरचा काळ आहे, आणि यंदा दोन्ही भाषांतील शब्द शेजारी शेजारी ठेवणे त्याच्या परीक्षेच्या दृष्टीनेही फायद्याचे आहे.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक मुलांच्या ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला इतरांसारखेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिला, म्हणजे त्याला समान वागणूक मिळाली असे होत नाही. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये लोकमताने द्विभाषिक शिक्षणावर मोठे निर्बंध आणले आणि २०१६ मध्ये लोकमतानेच ते बहुतांशी मागे घेतले.

आता पालकांबद्दल, आणि येथे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त चुका मी येथेच केल्या. सुरुवातीला पालकसभेला खुर्च्या रिकाम्या राहत आणि आम्ही शिक्षक आपसांत म्हणत असू की यांना मुलांच्या शिक्षणाचे काही पडलेले नाही. पुढे कळले की बहुतेकांची पाळी संध्याकाळची असे. जे येत ते गुणांबद्दल विचारतच नसत; मुलगा नीट वागतो ना, मोठ्यांचा मान राखतो ना, एवढेच विचारत. स्पॅनिशमध्ये ‘एदुकासिओन’ या शब्दात शिक्षणाबरोबर संस्कारही येतात; ‘ब्येन एदुकादो’ म्हणजे चांगल्या वळणाचा. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये, आपल्या आजीनेही शाळेत येऊन हेच विचारले असते. शिकवणे हे शिक्षकाचे काम, त्यात आपण लुडबुड करू नये, या आदरापोटी ते गप्प बसतात आणि आपण त्या गप्प बसण्याचा अर्थ अनास्था असा लावतो.

ताई, बहिणीला दुभाषी करणे आजपासून बंद करा. तेरा वर्षांच्या मुलीवर घरच्या गोष्टी तोलून सांगण्याचा भार पडतो आणि भावाची तक्रार असेल तर ती एकतर गाळते, नाहीतर तिखटमीठ लावून सांगते. शिकवणी देणाऱ्या संस्थेकडे दुभाषी मागा. न मिळाल्यास आधी लिहून पाठवा, म्हणजे त्या सवडीने वाचून आवाजी संदेशात उत्तर देतील. यंत्राचे भाषांतर वापरायचे तर पूर्ण वाक्य द्या. ‘मीन’ हा एकटा शब्द दिला तर सरासरीऐवजी ‘अर्थ असणे’ हाती यायचे.

एक सावधगिरी मात्र पाळा. आपल्याला सहज विचारायची सवय असते, तुम्ही कधी आलात, कसे आलात, कागदपत्रे झाली का. हे प्रश्न कधीही विचारू नका. कुटुंबाचा कायदेशीर दर्जा काहीही असो, मुलाला सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे, हे १९८२ मध्ये टेक्सासच्याच ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात ठरले आहे. पण भीती कायद्याने जात नाही. आपल्या एका आपुलकीच्या प्रश्नाने ते कुटुंब पुढच्या तासाला दिसणार नाही.

आणि घरी गणित कोणत्या भाषेत घ्यावे, याचे उत्तर एकच : आईवडिलांना जी येते त्या भाषेत. ॲरिझोनातील टक्सन येथे शिक्षणसंशोधक लुइस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या घरी पाठवले, शिकवायला नव्हे तर शिकायला. त्या घरांत शेती, बांधकाम, दुरुस्ती, व्यापार यांचे पुष्कळ ज्ञान शिक्षकांना सापडले, ज्याची शाळेला दादही नव्हती. तुमच्याकडच्या भावांच्या आई काय काम करतात, ते कळले तर सांगा.

हातचा_एक (कोथरूड, पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही करून पाहिल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

थोरल्याला त्याचे अर्धे गुण परत दिले आणि त्याची भागाकाराची रीत मला शिकवायला सांगितली. त्याने स्पॅनिश आणि इंग्रजी मिसळून शिकवली. तो तासभरात इतका कधी बोलला नव्हता. मग मी माझी, उजवीकडे भागाकार लिहायची, रीत दाखवली, तर तो हसून म्हणाला की तुमच्या घराला दोन्ही बाजूंनी भिंती आहेत, पण छप्परच नाही.

आईंना लिहून पाठवले. रात्री त्यांचा सात मिनिटांचा आवाजी संदेश आला, तो माझ्या मावसबहिणीच्या स्पॅनिश जाणणाऱ्या मुलीकडून ऐकवून घेतला. त्या कपडे बेतून शिवण्याचे काम करतात. इतके दिवस त्या हेच सांगत होत्या की धाकट्याला इंचाचे अष्टमांश टेपवर बरोबर वाचता येतात, मग वहीत त्याला ३/८ आणि १/४ यांतले मोठे कोणते हे का सांगता येत नाही. पुढच्या तासाला त्याने टेप आणला. १/४ म्हणजे दोन अष्टमांश, हे त्याने बोटाने रेघा मोजून दाखवले. ‘अष्टमांश’ला असलेला इंग्रजी शब्द त्याला ‘आठ’सारखाच ऐकू येत होता, एवढीच अडचण होती.

कोलंबियाच्या मुलीचा स्वल्पविराम अजून सुटलेला नाही. तिच्या शाळेत संगणकावर उत्तर भरावे लागते आणि स्वल्पविराम दिला की यंत्र चूक दाखवते, म्हणून तिला उत्तर भरण्यापूर्वी एकदा थांबून टिंब पाहायला सांगितले आहे. वहीत मात्र दोन्ही चालवून घेते. सरळव्याज सरांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

ला_मेसा ताई, एक राहिलेच. बेरजेत ‘हातचा’ घेताना ही मुले काहीतरी पुटपुटतात, ते काय असते?

ला_मेसा

सात आणि आठ पंधरा, “पोंगो सिंको, इ येवो ऊना.” पाच मांडते आणि एक बरोबर नेते. आपण एक हाताशी ठेवतो, ते बरोबर घेऊन पुढे जातात. आणि सोमवारपेठी सर, होय, सोळापासून पुढे दशकच आधी येतो. सोळा म्हणजे ‘दिएसिसेइस’, दहा आणि सहा.